आणखी एक वर्ष

प्रायश्चित्तकाळातील तिसरा रविवार, वर्ष 'क'
शुभवर्तमान : लूक 13:1-9



नाताळच्या सुटीत घरांना आशीर्वाद देत फिरत होतो. एका घराच्या ओट्यावर दोन चुलतभाऊ तावातावाने भांडताना दिसले. एक अमेरिकेत नोकरी करणारा, महिनाभरासाठी घरी आलेला. दुसरा इथेच कॉलेजात शिकणारा. मला वाटले, वाटणीचा वाद असावा. आपल्याकडे ओट्यावरचे वाद बहुधा तिथूनच सुरू होतात. पण भांडण निघाले बास्केटबॉलचे! दोघांच्या आवडत्या अमेरिकन संघात एक तरुण गार्ड आहे. पोरगा गुणी, पण या खेळाच्या मानाने ठेंगणा. दोन वर्षे झाली तरी म्हणावा तसा रुळलेला नाही. त्याला ठेवावे की दुसऱ्या संघाला देऊन टाकावे, यावर दोघांचे जुंपले होते.

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गार्ड म्हणजे चेंडू टप्पे देत पुढे नेणारा आणि साथीदारांना खेळवणारा गडी. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत साडेसहा फुटांचा खेळाडू म्हणजे सर्वसाधारण उंचीचा. त्यामुळे सव्वासहा फूट उंचीचा गार्डही तिथे लहानखुरा ठरतो. आपल्या जुन्या घरांत शिरताना त्याला दारातून वाकून यावे लागेल, ती गोष्ट वेगळी! लहानखुऱ्या गार्डची अडचण अशी की प्रतिस्पर्धी मुद्दाम त्याच्याच अंगावर चाल करून जातात. त्याच्या डोक्यावरून चेंडू टाकतात, त्याला ढकलून आत घुसतात. कॉलेजातला भाऊ हेच सांगत होता : "खेळ शिकवता येतो, उंची शिकवता येत नाही. विसाव्या वर्षानंतर माणूस वाढतो का?" थोरला म्हणत होता, "अरे, गार्डचं काम डोक्याचं असतं. ते यायला चार वर्षं लागतात. करीला सोडला असता तर?" यावर धाकट्याचे उत्तर तयार होते : "प्रत्येक जण करी नसतो!"

आजी आतून पाणी घेऊन आली. तिला यातले काही कळले नव्हते, एवढेच कळले होते की कोणा पोराला ठेवायचे की काढायचे हे चालले आहे. ती म्हणाली, "त्या पोराला कुणी विचारलं का रे?"

त्या रात्री मी करीची हकिकत मिळेल तेवढी वाचून काढली. आज अंजिराच्या झाडाचा दाखला समोर आहे म्हणून ती तुम्हांला सांगतो.

स्टीफन करी. याचे वडील डेल करी हेही एनबीएमध्ये 16 हंगाम खेळलेले. मुलगा मात्र शाळेत असताना किरकोळ, बुटका. बास्केटकडे चेंडू टाकायला ताकद पुरत नसे, म्हणून तो कमरेपासून चेंडू उचलून फेकायचा. चेंडू जायचाही बरोबर! पण पुढे उंच गड्यांसमोर असा चेंडू हातातच अडवला जाईल, हे बापाने ओळखले. एका उन्हाळ्यात त्यांनी मुलाची चेंडू टाकण्याची पद्धत मोडून पुन्हा नव्याने बसवली. चेंडू कपाळाच्या वर नेऊन सोडायचा. कित्येक आठवडे त्या पोराला बास्केटच्या अगदी जवळून टाकलेला चेंडूही नीट बसत नव्हता. जे येत होते तेही गेले. तो रडला, असे सांगतात. आईवडील ज्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात शिकले, त्या विद्यापीठानेही त्याला शिष्यवृत्ती दिली नाही. स्वखर्चाने ये, मग बघू, असा निरोप मिळाला. शेवटी डेव्हिडसन नावाच्या एका लहान कॉलेजाने त्याला घेतले. नोव्हेंबर 2006 मधल्या पहिल्याच सामन्यात त्याच्या हातून 13 वेळा चेंडू गेला. ज्याचे काम चेंडू सांभाळण्याचे, त्याने एका सामन्यात 13 वेळा तो गमवावा म्हणजे काय, हे खेळणाऱ्यांना विचारा. प्रशिक्षक बॉब मॅकिलप यांनी पुढच्या सामन्यात त्याला पुन्हा मैदानात उतरवले. त्या सामन्यात त्याने 32 गुण केले.

2009 साली गोल्डन स्टेट वॉरियर्स या ओकलंडच्या संघाने त्याला निवडले, सातव्या क्रमांकावर. तिथे त्याचे घोटे दगा देऊ लागले. पाय मुरगळायचा, बरा व्हायचा, पुन्हा मुरगळायचा. 2011 मध्ये घोट्याची शस्त्रक्रिया झाली, 2012 मध्ये पुन्हा झाली. 2011-12 च्या हंगामात तो जेमतेम 26 सामने खेळला. त्याच संघात मॉन्टा एलिस नावाचा दुसरा गार्ड होता. तोही करीच्याच उंचीचा, पण धडधाकट आणि सामन्यामागे वीसहून अधिक गुण करणारा. दोन ठेंगणे गार्ड शेजारी शेजारी उभे करून बचाव होत नाही, म्हणून एकाला जावे लागणार हे उघड होते. मार्च 2012 मध्ये संघाने एलिसला मिलवॉकीला देऊन टाकले आणि घोटे दुखावलेल्या करीला ठेवले. बदल्यात प्रमुख खेळाडू म्हणून आला सात फुटी अँड्र्यू बोगट, ज्याचा स्वतःचा घोटा तेव्हा मोडलेला होता! सहाच दिवसांनी, 19 मार्च रोजी, क्रिस मलिन या जुन्या खेळाडूचा भरमैदानात सत्कार होता. संघाचे मालक जो लेकब बोलायला उभे राहिले आणि प्रेक्षकांनी हुर्यो सुरू केली. ती थांबेचना. मलिन यांना सत्कार बाजूला ठेवून मालकाच्या शेजारी येऊन उभे राहावे लागले. रिक बॅरी या आणखी जुन्या खेळाडूने लोकांना दटावून पाहिले, तर हुर्यो आणखी वाढली.

पुढचे बहुतेकांना ठाऊक असेल. 2015 साली त्या संघाने 40 वर्षांनी विजेतेपद मिळवले; मग 2017, 2018 आणि 2022 सालीही. करी 2015 आणि 2016 असा दोनदा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दुसऱ्या वेळी तर एकाही मताचा अपवाद न होता. एनबीएच्या इतिहासात तसे तोवर कधी झाले नव्हते.

बंधुभगिनींनो, ही हकिकत इथेच थांबवून "पाहा, धीराचे फळ गोड असते" असे म्हणून मी खाली बसलो असतो, तर प्रवचन लवकर संपले असते आणि तुम्हीही खूश झाला असता. पण मला दोन गोष्टी टोचत राहिल्या.

पहिली, हुर्यो करणाऱ्या त्या लोकांची. त्यांना आज सगळे हसतात. पण ते अधीर होते असे मला वाटत नाही. एलिस 2005 साली शाळेतून थेट आलेला, दुसऱ्या फेरीत 40व्या क्रमांकावर निवडलेला पोरगा. ज्यांची फारशी कुणाला आशा नसते, अशांतला. त्याच प्रेक्षकांनी त्याचे चुकणे पाहिले, शिकणे पाहिले. 2007 साली सर्वांत जास्त सुधारणा करणारा खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला, तेव्हा ते त्यांना घरच्या मुलाचे यश वाटले असणार. त्यांनी एका ठेंगण्या पोरासाठी धीर धरला होता. त्याला डोळ्यांसमोर घालवून दिले, म्हणून ते ओरडले. आपल्याही घरांत असेच होते. एका मुलासाठी आपण जीव टाकतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत आपला धीर संपलेला असतो. आपण कठोर असतो असे नाही; आपले आळे एकाच झाडाभोवती खणलेले असते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. 2009 साली करीच्या आधी, सहाव्या क्रमांकावर, मिनेसोटाच्या संघाने जॉनी फ्लिन नावाच्या गार्डला निवडले. उंची सहा फूट. कॉलेजात असताना सहा वेळा जादा वेळेत गेलेल्या एका सामन्यात 70 पैकी 67 मिनिटे मैदानात धावलेला हा पोरगा! पहिल्या वर्षी 81 सामने खेळला. मग कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली आणि पूर्वीचा वेग परत आला नाही. 2012 च्या वसंतात, वयाच्या 23व्या वर्षी, त्याचा एनबीएतला खेळ संपला होता. धाकटा भाऊ खरेच बोलला होता : प्रत्येक जण करी नसतो. मग फ्लिनसाठी कुणी धरलेला धीर फुकट गेला म्हणायचे का?

आता दाखल्याकडे वळू. मालक तीन वर्षे फळ शोधत येतो. त्याला मिळत नाही. तो म्हणतो, तोडून टाक, जमीन कशाला अडवते. मालकाचे चुकले कुठे? वाडी करणाऱ्या माणसाला विचारा, तोही हेच म्हणेल. पाणी, खत, जागा या गोष्टी मोजक्याच असतात. एनबीएतही हिशेब असाच चालतो. पहिल्या फेरीत निवडलेल्या तरुण खेळाडूबद्दल संघाला चौथा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास ठरवावे लागते की पुढचा करार आताच करायचा की नाही. करीचा करारही तीन हंगामांनंतर, 31 ऑक्टोबर 2012 रोजी झाला, चार वर्षांचा. घोट्यांची खात्री नव्हती म्हणूनच तो पुढच्या मानाने स्वस्तात झाला.

माळी मात्र मालकाशी हिशेबावर वाद घालत नाही. हे झाड जातिवंत आहे, उद्या टोपल्या भरून अंजिरे देईल, असेही तो म्हणत नाही. त्याला ते माहीतच नाही. तो फक्त एक वर्ष मागतो आणि त्याच श्वासात सांगतो की त्या वर्षात मी काय करणार : भोवती खणणार, खत घालणार. आणि फळ आले नाही तर तोडण्याची गोष्टही तो खुल्या मनाने मान्य करतो. दाखला तिथेच संपतो. पुढच्या वर्षी काय झाले हे प्रभू येशू सांगत नाहीत. झाडाला फळ आले असेल किंवा नसेल. आपल्यासमोर उरतो तो हातात कुदळ घेतलेला, वाकलेला माळी.

करीच्या हकिकतीतला मला सर्वांत आवडलेला भाग विजेतेपदाचा नाही. तो आहे घोट्याच्या दुरुस्तीचा. शस्त्रक्रिया झाली, पट्ट्या झाल्या, तरी भीती होतीच. मग वॉरियर्सच्या व्यायामतज्ज्ञांनी घोट्यापेक्षा वर लक्ष दिले : कंबर, मांड्या, पोटाचे स्नायू. शरीराचा भार कमरेने पेलला तर घोट्यावर कमी येईल, हा विचार. वजने उचलणे, एका पायावर तोल सांभाळणे, पुन्हा पुन्हा तेच. दुखणे घोट्याचे आणि मेहनत कमरेची! वाडीवाल्यांना हे नवल वाटणार नाही. फळ वर फांदीला लागत नाही म्हणून कुणी फांदीला खत बांधत नाही. खणायचे असते खाली, मुळाशी. आपण मात्र घरात, धर्मशिक्षणाच्या वर्गात, बहुतेकदा फांदीलाच हलवत असतो. मार्क कमी का पडले? मिस्साला का येत नाही? शेजारचा बघ. त्या पोराला रात्री झोप लागते का, त्याला वर्गात कुणी चिडवते का, घरात आईबाप एकमेकांशी बोलतात का, तिथवर कुदळ पोहोचतच नाही.

अशाच एका पोरावरून दोन मोठ्या माणसांचे भांडण पवित्र शास्त्रातही आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या 15व्या अध्यायात ते सापडेल. योहान मार्क नावाचा तरुण पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर पहिल्या प्रवासाला निघाला आणि पंफुल्यात त्यांना सोडून यरुशलेमला परतला. का परतला, हे लिहिलेले नाही. दुसऱ्या प्रवासाच्या वेळी बर्णबा म्हणाला, त्याला पुन्हा घेऊ. पौल म्हणाला, नाही, जो अर्ध्यावर सोडून गेला त्याला नको. वाद इतका पेटला की ते दोन संत वेगळे झाले. पौल सीलाला घेऊन एका वाटेने गेला, बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला. पौलाचे तसे चुकले नव्हते. वाट खडतर होती आणि भरवशाचा माणूस हवा होता. पण एक गोष्ट तो विसरला. यरुशलेममध्ये शिष्य जेव्हा खुद्द पौलाला घाबरत होते, त्याच्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हते, तेव्हा त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेणारा हाच बर्णबा होता. पौल स्वतः कुणाच्या तरी कुदळीचे फळ होता.

बर्णबाने सायप्रसमध्ये त्या पोराचे काय केले, कसे घडवले, याबद्दल एक ओळही नाही. आळे खणण्याचे काम बहुधा असेच नोंदीविना होते. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, अगदी शेवटी, पौल सांगतो की मार्कला बरोबर घेऊन ये, त्याचा मला उपयोग आहे. परंपरेनुसार हाच मार्क शुभवर्तमान लिहिणारा. चारांपैकी सर्वांत ठेंगणे शुभवर्तमान त्याचेच आहे!

पण समजा मार्क पुन्हा पळाला असता, तर बर्णबाचे सायप्रसला जाणे चुकीचे ठरले असते का? फ्लिनच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळते. संघमालकाला गुंतवणूक बुडाली असे म्हणता येते, कारण त्याने ती फळासाठीच केलेली असते. तो त्याचा धंदा आहे आणि त्यात पाप नाही. स्वर्गीय पित्याच्या वाडीतला माळी झाडाच्या बाजूने बोलतो, तो झाड अजून उभे आहे म्हणून. ज्याला आपण पापनिवेदनाला गेल्यावर दर वेळी भेटतो, तो हाच माळी. मागच्या वर्षी याच काळात जी पापे सांगितली तीच यंदाही सांगायला आपण येतो. मीही येतो. माझेही धर्मगुरू असतात आणि त्यांना माझी यादी आता पाठ झाली असेल. तरी आळे पुन्हा खणले जाते.

"आणखी एक वर्ष" हे शब्द मात्र दोन तऱ्हांनी म्हणता येतात, आणि दुसरी तऱ्हा मला चांगली ठाऊक आहे. सुमारे 25 वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तिथे वेदीसेवकांत एक लहानसा मुलगा होता, सगळ्यांत बुटका. झगा पायांत यायचा. घंटी वाजवायची हौस फार, पण वेळ चुकायची. एकदा ऐन सणाच्या मिस्सात त्याने धुपाटणे पाडले, निखारे सतरंजीवर पडले, लोक हसले. मिस्सानंतर मी त्याला बोलावले. ओरडलो नाही, याचे तेव्हा मला स्वतःचेच कौतुक वाटले होते. म्हणालो, "सध्या थांब हं बाळा, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी त्याची आई येऊन विचारून गेली, "फादर, याचं बघाल ना?" मी बघतो म्हणालो. मग माझी बदली झाली. ते वर्ष मी माळ्यासारखे मागून घेतले नव्हते. कुदळ उचलायची नव्हती, म्हणून वर्ष पुढे केले होते.

गेल्या पावसाळ्यात त्याच गावी एका अंत्यविधीला जाणे झाले. मिस्सा चालू असताना काही पुरुष बाहेर फाटकाजवळ उभे होते, जसे सगळीकडे असतात. मिस्सानंतर त्यांतला एक पुढे आला. चांगला उंच, दाढीवाला. "फादर, ओळखलंत?" मी ओळखले नव्हते. त्याने हाताने घंटी हलवल्यासारखे केले आणि हसला. आम्ही थोडे बोललो. नोकरीचे, त्याच्या आईचे. मी म्हणालो, "बाहेर का उभा राहतोस? आत येत जा ना."

"बघू फादर," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी."